गादीवाल्याची पाठ

३ मार्च, सोमवार.
डबल बेडची गादी किती हलकी आहे हे दाखवायला गिऱ्हाइकासमोर एकट्यानं उचलली. कमरेत कट्कन आवाज. उसण! गिऱ्हाईक 'बघून सांगतो' म्हणून सटकलं. अठरा वर्षं गाद्या विकतोय, आणि पाठीनं दगा द्यावा तो भर दुकानात.

४ मार्च.
डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आराम, मग हळूहळू हालचाल. दोन दिवसांत बरं वाटतं, तर दहा दिवसांत पाचपट वाटेल. दहा दिवस झोपणार. घरी आमच्याच दुकानातली सगळ्यांत महागडी, लोण्यासारखी मऊ गादी आहे. काळजीच नाही.

६ मार्च.
सोबतचा सेल्समन भेटून गेला. माझ्याशिवाय दुकान कसं चालणार, या विचारानं चेहरा उतरलेला. दया आली. विक्रीच्या माझ्या सगळ्या खुब्या सांगून टाकल्या. त्यानं वहीत लिहून घेतल्या. माणूस सोन्यासारखा.

१० मार्च, स. ११.
फिजिओथेरपीवाल्या बाईंनी व्यायाम दिले. उताणं पडून गुडघे छातीशी घ्यायचे, मग कंबर उचलायची. दहा-दहा वेळा. शिवाय दहा मिनिटं चालणं. पोरखेळ! केल्यावर रोज तक्त्यावर खूण करायची. वेळ वाचावा म्हणून आठवड्याच्या सगळ्या खुणा आजच करून ठेवल्या.

१७ मार्च.
बाई म्हणाल्या, तक्ता छान आहे, मग पाठ आणखी कशी आखडली? मी हवामानावर ढकललं. बायको म्हणाली, अहो, खरं काय ते सांगा, नाहीतर मी सांगते. आणि सांगितलं! बावीस वर्षांचा संसार, आणि खंजीर नेमका दुखऱ्या जागी.
वर बाई म्हणाल्या, गादी फार मऊ आहे, बदला.

२२ मार्च, शनिवार, स. १०.
बायकोनं नवी गादी आणली. आमच्या समोरच्या दुकानातून. समोरच्या! तिला पाठ टेकणार नाही, ठणकावून सांगितलं.
दु. २. घरात कोणी नाही. प्रतिस्पर्ध्याचा माल अभ्यासावा म्हणून दोन मिनिटं आडवा झालो.
सं. ६. बायकोनं हलवून उठवलं. नव्या गादीची पावती उशाशी ठेवून गेली. तेच जास्त लागलं.

३१ मार्च.
व्यायाम चालू. स्वखुशीनं. बायको घड्याळ घेऊन समोर बसते, तो योगायोग. औषधाच्या दुकानापर्यंत चालून येतो.
कामावरून फोन नाही. विक्री पार बसली असणार. सांगायला लाजत असतील बिचारे.

९ एप्रिल, बुधवार.
कामावर रुजू. स्वागत-बिगत नको, असं म्हणणार होतो. कोणी काही केलंच नव्हतं. मालक म्हणाले, मार्चइतका खप आजवर झाला नाही. सोबती माझ्या काउंटरवर उभा राहून माझीच वाक्यं बोलत होता. 'किती दमलायत तुम्ही' हे तर थेट माझ्याच आवाजात. मला तक्रारीच्या टेबलावर बसवलंय. वजन उचलायला नको, म्हणे.
दु. १२. पहिली तक्रार. बायको! मऊ गादी टेम्पोत घालून आणलेली. मधोमध खड्डा पडलाय म्हणाली आणि ओळख नसल्यासारखी समोर बसली. फॉर्मवर रकाना आहे : 'गादी कोणी सुचवली?' तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. सगळं दुकान बघत होतं. लिहिलं. सही केली. शेरा : तक्रार रास्त.
तेवढ्यात पेन खाली पडलं. कण्हायच्या तयारीनं वाकलो. काहीच दुखलं नाही. पाठसुद्धा बायकोलाच फितूर.