मापाचा शेर, तोलाचा शेर

प्रिय जाऊबाई,

अक्षरं आपल्या सुमनची हायेत, जीभ माझी. तुमी देवाघरी गेल्यापासून मी एकदा बी तुमाले तरास दिला नाई. पण आज काय करू? चार दिवसांवर याच नातीचं लग्न आलं, रुखवतात नानखटाई मांडाची हाये, अन् पहिला पत्रा मंगरूळच्या भट्टीतून असा निघाला का सांगाची सोय नाई.

थू! नानखटाई कायची, पावसात भिजलेला शेणाचा पो! सारे गोळे वितळून एकात एक गेले, वरून तूप वाहून राह्यलं. तुकडा तोंडात घातला त टाळूले चिकटला. गिळवेना ना थुकवेना. राखेनं हात घासले, तरी बोटं तुपकट ते तुपकटच. अन् तो जळक्या साखरेचा वास! लुगड्यातून अजून जात नाई.

सुमनची होणारी सासू कशी हाये, तुमाले माहीत हाये. हे ताट पाह्यलं त जलमभर पोरीले ऐकवीन, "तुमच्या घरी लिंपण बी खातात काय?"

तुमीच सांगतलं होतं ना? "शेरभर मैद्याले अर्धा शेर साखर, अर्धा शेर तूप. यात शिकासारखं काय हाये?" मंग मी काय केलं? आपला ज्वारी मोजाचा पितळी शेर घेतला अन् त्यानंच सारं भरलं. सुमन म्हणे, "आजी, तू काही विसरली असशीन." मी म्हटलं, "मले अक्षर येत नाई बाई, शेर येते!"

तोच पत्रा घेऊन तशीच तणतणत परत मंगरूळले गेले, भट्टीवाल्या चाचाशी भांडाले. "तुमची भट्टी बिघडली," म्हटलं. ते पत्र्याकडे पाहून हसले. "भट्टी नहीं बिगडी बाई, शेर बिगडा. बडी बाई तो सब तराजू पे तौल के लाती थी."

मी म्हटलं, "शेर म्हणजे शेर!" त्यांनी मापभर मैदा एका पारड्यात टाकला, शेराचं वजन दुसऱ्यात. मैद्याचं पारडं वरच लटकून राह्यलं. फुसका मैदा! माप भरते, पण वजन भरत नाई. तूप मातर मापात गच्च बसते. म्हणजे मैदा गेला अर्धा, अन् तूप जवळपास सारंच!

जाऊबाई, हे मले काहून नाई सांगतलं? दर लग्नात तुमी एकट्याच गाडी जुंपून मंगरूळले जात. मी म्हणे, "मी येऊ काय संग?" त तुमी म्हणत, "तू पुरणाचं पाह्य." तोलाचा शेर भट्टीवर ठेवला अन् मापाचा शेर घरात! तुमच्याबिगर या घरात नानखटाई होऊच नये, असं वाटे काय तुमाले? अव, नानखटाईसाठी काय, तशी बी तुमची सय येतेच ना!

सुमन लिहितालिहिता हसून राह्यली. हसू द्या. उद्या तिले संग घेऊन जातो, तिच्याच हातानं सारं तोलवतो. दोनी शेर तिले आतापासूनच ठावे असू द्या.

अन् एक वचन देतो. दुसरा पत्रा जमला, त रुखवतात मी तुमचं नाव सांगीन. बिघडला, तरी तुमचंच सांगीन.

तुमची धाकटी जाऊ,
गंगा