कापलेली नऊ मिनिटं

२६ जाने.
दादाच्या डोक्याला चौदा टाके. जबडा तारेने बांधलाय, बोलता येत नाही. काल संध्याकाळी सोसायटीच्या गेटवर पूजेच्या मांडवासाठी दादाने टेम्पो हटवावा म्हणून वॉचमन रामदुलारशी त्याचं वाजलं. मांडववाल्यांनी दादाला बांबूंनी फोडला. रामदुलारचाही डावा डोळा गेला, कसा ते कुणी नीट सांगत नाही. दादा वहीत लिहितो, मी हात उचलला नाही.
पूजा आज झालीच. रक्त धुतलं आणि त्याच फरशीवर शिऱ्याचा टोप ठेवला. एकेकाला तुडवावंसं वाटतंय.

२७ जाने.
पो. स्टे.ला गेटच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पाहिलं. बाचाबाची दिसते आणि मारामारीच्या आधीच संपतं. बाकी प्रत्येक फाइल तासाची, ही एक्कावन्न मिनिटांची. मी भाईंदरात हार्डडिस्क दुरुस्त करून पोट भरतो, मला शिकवतात! सेक्रे. जिग्नेशभाईने मांडववाल्यांना वाचवायला शेपूट छाटलंय.
पण फाइल आखूड केली तरी डिस्क काही पुसत नाही. पुढची जागा मोकळी झाली एवढीच नोंद करते. दारावरची पाटी काढली तरी भाडेकरूचं सामान खोलीतच, नवा येईपर्यंत. आणि ही डिस्क ठासून भरलेली. रिकामी खोली ती एकच. तिथे कुणी काही टाकता कामा नये. नशीब, पोलिसांनी कॅमेरे बंद ठेवायला सांगितलेत.

२८ जाने.
सोसायटीच्या ऑफिसात शिरलो तर जिग्नेशभाई पूजेचे फोटो कॉपी करत होता. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग असलेल्या त्याच कॉम्प्युटरवर! दरवर्षी तिथेच टाकतात. पेनड्राइव्ह उपटून खिशात घातला. "अरे भाई, भगवान के फोटो हैं," म्हणाला. हाणला. नाकाचं हाड मोडलेलं ऐकू आलं. खाली पडल्यावर पुन्हा हाणला. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
डिस्क काढून दुकानात आणली. वहिनी अर्धा दिवस सोसायटीचं ऑफिस सांभाळते, निघताना ती तिथे दारातच होती. रक्ताकडे बघितलंही नाही. "भावोजी, राहू द्या ना ते," एवढंच. घाबरली असेल.

२९ जाने.
दुपारी शेपूट सापडलं. सुरुवातीचं थोडं फोटोंनी खाल्लं, बाकी शाबूत. लॅपटॉपवर उतरवलं.
रामदुलार हात जोडून उभा. दादा टेम्पोतून चाकाचा पाना काढतो. तोंडावर घालतो. तो पडतो. पुन्हा घालतो. तिसऱ्यांदा जिग्नेशभाई मध्ये पडतो, पाना त्याच्या खांद्यावर बसतो. मांडववाले बांबू घेऊन धावतात ते त्यानंतर.
पाच वेळा पाहिलं. आणि मी त्याच माणसाचं नाक

संध्याकाळी वहिनी दुकानात. उभ्याउभ्याच म्हणाली, "मीच कापलं. अख्खी फाइल काढली असती तर संशय आला असता."
मी विचारलं, त्या वॉचमनचा डोळा गेलाय, कळतंय का तुला?
"तो हात मला तुमच्या आधीपासून ठाऊक आहे, भावोजी." पदर सरकवून कोपराजवळचा जुना व्रण दाखवला. "पण दोन पोरींचा बाप आहे. तुम्हाला येतं ना, कायमचं घालवायला?"
तेरा वर्षं एका घरात जेवलो. तो व्रण तेल उडाल्याचा, असं मीच पाहुण्यांना सांगत आलोय.

३० जाने., सकाळ
अकराला इन्स्पेक्टर दुकानात डिस्क न्यायला येणार, ती माझ्याकडे आहे हे परवा मीच कळवलं होतं. जिग्नेशभाईने माझं नाव घेतलं नाही. नाक मांडवाच्या खांबावर आपटलं म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
हॉस्पिटलात दादाला भेटून आलो. मी पाहिलंय, असं सांगितलं. त्याने वहीत लिहिलं, तू माझा भाऊ ना? बाहेर बाकावर रामदुलारची बायको होती. मी कोण हे तिला माहीत नाही. स्वतःच्या थर्मासातला चहा पुढे केला. प्यायलो.

पावणेअकरा. डिस्क जोडलीय. परवाचा पेनड्राइव्हही लावलाय. पूजेचे फोटो त्या नऊ मिनिटांपेक्षा जास्त जागा घेतात, रिकामी खोली पुरती भरेल. कुणाला संशय यायचं कारण नाही, दरवर्षी तिथेच टाकतात. लॅपटॉपवरची प्रत काढणं तर माझ्याच हातात.
वहिनीचा तिसरा फोन. उचलला नाही. हाताची सूज अजून उतरलेली नाही, माउस नीट धरवत नाही. शटरबाहेर जीप थांबली वाटतं.