एक तरी मॅच जिंका रे!

शुक्रवार, २ सप्टेंबर २०२२

हरलो! चौदा-दोन! मोसमाची पहिलीच मॅच आणि हे दिवे लावले! आमच्या शमाल टीमच्या पिचरने पहिला चेंडू फेकला तो थेट पंचांच्या नडगीवर. तो अडवायचं काम कॅचरचं, आणि कॅचर कोण? तर माझा नवरा! कॅप्टनही तोच. गिरीशचे गुडघे सत्तेचाळीस वर्षांचे, वेळेवर वाकतील तर शपथ.

सारं दोहा वर्ल्ड कपच्या नादात. आमच्या अल गराफाच्या गल्लीतसुद्धा ब्राझीलचे झेंडे लागलेत. आणि आम्ही शुक्रवारी पहाटे उठून बेसबॉल बघायला जातो! सहाला मॅच सुरू, कारण आठनंतर ऊन मी म्हणतं, आणि जुम्म्याच्या नमाजाच्या आत आवरायचं असतं.

प्रेक्षक मोजून चार. मी, शेजारची हजरा, आमची अनुष्का (मान फोनमध्ये) आणि श्यामराव. त्यांचं पार उत्तर टोकाच्या मदिनत अश शमाल गावात टायरचं दुकान आहे. मूळचे बीडचे. एवढ्या लांबून गाडी हाणत येतात ते फक्त निराश व्हायला. "ताई, ही टीम काय वर येत नसती बगा." पहिल्या चेंडूलाच म्हणाले!

पण येणार! गेल्या वर्षी पहिल्या मॅचला शून्य रन होते, आज दोन आहेत. ही प्रगती नाही तर काय?

मंगळवार, ६ सप्टेंबर

लीगच्या कमिटीचा निरोप आला. गेल्या वर्षी शमालने एकही मॅच जिंकली नाही. यंदाही एकसुद्धा जिंकली नाही तर लीगमधून बाहेर! जागा दुसऱ्या टीमला. आणि मॅचेस नोव्हेंबरच्या मध्याच्या आत उरकायच्या, कारण मग ग्राऊंडवर वर्ल्ड कपच्या गाड्यांचं पार्किंग होणार.

गिरीशने वाचून दाखवलं आणि "चला, गुडघे सुटले" म्हणून हसला. मला कळत नाही होय? रास लफानच्या गॅस प्लँटवरून बारा तासांची शिफ्ट करून येतो तेव्हा दोन वाक्यं बोलत नाही हा माणूस. फक्त शुक्रवारी, तो पिंजऱ्यासारखा मुखवटा घातला की हा बडबडतो, शिव्या देतो, हसतो. टीम गेली तर माझा तो शुक्रवारचा नवरा पण गेला. नाही जाऊ द्यायची!

एक मॅच. फक्त एक!

शुक्रवार, १६ सप्टेंबर

नऊ-चार. हरलो. श्यामराव: "बगा."

शुक्रवार, ३० सप्टेंबर

सात-सहा! हरलो, पण एका रनने!! घसा पार बसलाय, तरी लिहितेच.

आज माझ्या ओरडण्याने दोन रन मिळाले, हे गिरीशनेच कबूल केलं. मी नाशिकला शाळेत सॉफ्टबॉल खेळायचे. आमचे खो-खोचेच सर तो शिकवायचे, त्यामुळे भाषा सगळी खो-खोची. बेसवर घसरत जायचं असलं की सर ओरडायचे, "बस!" की टाक बैठक आणि जा घसरत. आम्ही होमच्या जाळीमागे बसतो, म्हणजे रन पुरा करायला पळत येणाऱ्याला चेंडू कुठंय ते दिसत नाही, पण मला दिसतं! मी "बस!" म्हटलं की गिरीश बसतो. आयुष्यात एवढी एकच गोष्ट तो माझी ऐकतो.

हजरा कानात बोटं घालून, "गो बाय, गळा फाटंल!" अनुष्का, "आई, प्लीज! एव्हरीवन इज लुकिंग!" बघू देत की! आपण काय चोरी करतोय?

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

हरलो. पण नवा भिडू मिळाला. जाफर! गिरीशच्या प्लँटवरचा टेक्निशियन, बरेलीचा. काय पळतो पोरगा! चेंडू पकडायला गेला तर पार पलीकडे जाऊन परत आला. श्यामराव चहा प्यायचे थांबले. म्हणाले, "हे पोरगं जरा बरं दिसतंय." त्यांच्या तोंडून हे म्हणजे भारतरत्नच.

शुक्रवार, २१ ऑक्टोबर

कुठे तोंड लपवू!

पाच-पाच. शेवटची पाळी, आमची बॅटिंग. एक रन काढला की जिंकलो! जाफर दुसऱ्या बेसवरून सुटला, तिसरा ओलांडला, वाऱ्यासारखा होमकडे येतोय. मागून चेंडूही येतोय. घसरला असता तर पोचलाच होता. मी जाळीला लटकून बेंबीच्या देठापासून ओरडले, "बस! बस! बस!"

आणि तो थांबला.

जागच्या जागी! दोन्ही हात वर करून माझ्याकडे बघतोय, काय झालं म्हणून. त्यांच्या कॅचरने सावकाश चालत येऊन चेंडू त्याच्या छातीला लावला. आऊट. जादा डावात त्यांनी दोन रन काढले आणि आम्ही हरलो.

"भाभी, आपने ही तो बोला — बस!"

अगं बाई! हिंदीत बस म्हणजे पुरे! थांब! कतारमध्ये चौदा वर्षं काढली, दिवसभर हिंदी बोलते, आणि ऐन वेळेला तोंडातून आलं ते नाशिकचं! जिंकलेली मॅच मी घालवली. मीच.

हजराने पाठीवर हात ठेवला. श्यामरावांनी स्वतःचा चहा माझ्या हातात दिला. ते सगळ्यात वाईट.

शनिवार, २२ ऑक्टोबर

गिरीश चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. नाश्त्याला शांतपणे म्हणाला, "मालू, आता मॅचला एक अक्षर बोलायचं नाही. वचन दे."

दिलं. आता ओरडायला तोंड कुठलं?

सोमवार, २४ ऑक्टोबर — लक्ष्मीपूजन

संध्याकाळी जाफर मिठाईचा डबा घेऊन दारात! मी शरमेने आत पळणार तेवढ्यात म्हणतो, "भाभी, एक बात बताइए, मराठी में बस माने क्या?"

काय सांगणार? सोफ्यावर धप्पकन बसून दाखवलं. "ये! बस माने ये!" तो इतका हसला की चकली घशात अडकली. मग गिरीश हसला, मग अनुष्का. मी मात्र रडले. हसता हसताच, पण रडलेच. किती चांगला मुलगा आहे!

शुक्रवार, ४ नोव्हेंबर

हरलो. मी गप्प बसून पाहिलं. बारा-एक. गप्प बसून हरणं ओरडून हरण्यापेक्षा फार दमवतं.

आता एकच मॅच उरली.

बुधवार, ९ नोव्हेंबर

शहराला नुसता ऊत आलाय! अनुष्काची शाळा दुपारीच सुटते, अर्धे रस्ते बंद, इमारतींवर दहा मजली फुटबॉलपटू. आमच्या ग्राऊंडवर पार्किंगचे पट्टे मारायला माणसं आलीसुद्धा. गिरीशने त्यांना हातापाया पडून शनिवारपर्यंत थांबवलं. "इन्शाल्ला," म्हणाले ते.

श्यामरावांना फोन केला, काय वाटतं? "ताई, खरं सांगू? जिंकत नसते. पण मी येतो."

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

जिंकलो!!! जिंकलो जिंकलो जिंकलो!!!

थांबा, नीट लिहिते.

चार-चार. शेवटची पाळी. जाफर तिसऱ्या बेसवर. मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबून जाळीमागे उभी. त्यांच्या पिचरचा चेंडू कॅचरच्या हातून निसटून मागे घरंगळला. जाफर निघाला! कॅचर चेंडूमागे धावला, पिचर होम अडवायला पुढे आला. चेंडू उचलला, फेकला... आणि जाफर पळता पळता बघतोय कुणाकडे? माझ्याकडे! अरे, माझ्याकडे काय बघतोस, मी वचन दिलंय!

आणि मी बसले. होय, बसले! उभी होते ती धप्पकन, वाळूत, खडे टोचले तरी. तोंडातून अक्षर नाही.

तोही बसला! धुरळा उडवत सरळ होमवर. पंचांचे हात आडवे. सेफ!

मग काय विचारता! गिरीश ते गुडघे घेऊन उड्या मारत होता. मग जाळीपाशी आला, म्हणाला, "वचन पाळलंस हं!" डोळे भरलेले त्याचे. हजराने माझा मुका घेतला. अनुष्का फोन टाकून ओरडत होती. आणि श्यामराव! तिथेच मटकन बसले आणि म्हणाले, "आता पुढच्या साली बगा, सगळ्यांना लोळवतो आपण!" आपण! "ही टीम" म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडात "आपण"!

राहिलो. लीगमध्ये राहिलो!

रविवार, १३ नोव्हेंबर

समोरच्या टीमने तक्रार केली. प्रेक्षकातल्या बाईने पळणाऱ्याला खूण केली, मॅच रद्द करा! कमिटी विचार करतेय. गिरीशने मुखवटा माळ्यावर टाकला. हजरा म्हणते, "माणसान बसू नाय काय?"

मंगळवार, १५ नोव्हेंबर

निकाल आला. मॅच आमचीच! प्रेक्षकाने बसू नये असा नियम कुठेच नाही, म्हणाले. पण अट घातली: पुढच्या मोसमात या बाई जाळीमागे नकोत. टीमचा शर्ट घालून तिसऱ्या बेसजवळ उभं राहायचं, कोच म्हणून, आणि काय ओरडायचं ते तिथून ओरडायचं.

मी कोच! अरे देवा! म्हणजे आता हरलो की श्यामरावांची बोलणी मीच खायची!