मार्लीनसाठी दोन भली माणसं

४ मार्च, सोमवार

वकीलबाईंकडे जाऊन आले. एकटी! माझा नवरा अब्राम गेल्यापासून पहिल्यांदाच गाडी मी चालवली, तीही बर्फातून.

म्हटलं, मृत्युपत्र करायचंय. आम्हा मेनोनाइट ख्रिश्चनांत सरळ रीत आहे – मुलगा असो की मुलगी, वाटा सारखा. निम्मी जमीन केंटनला, निम्मी मार्लीनला. बाई म्हणाल्या, "तसं केलंत तर मार्लीनचंच नुकसान कराल." तिला जन्मापासून डाउन सिंड्रोम. जमीन तिच्या नावावर आली की सरकारी भत्ता बंद! मग जमीन विकून खायची, संपली की पुन्हा सरकारच्या दारात. सारखा वाटा देऊन मी पोरीला बुडवलंच असतं!

उपाय आहे म्हणे. तिचा वाटा विश्वस्तांच्या हाती ठेवायचा. तिला काय हवं-नको ते त्यांनी बघायचं. भत्ताही चालू. इतकं सोपं! परतताना गाडीत मी एकटीच हसत होते.

५ मार्च

सकाळपासून गुणगुणतेय. दुखवट्यात असं चालतं का?

१० मार्च, रविवार

चर्चनंतर धाकटा दीर कॉर्नीलियस आणि केंटन फास्पाला, रविवारच्या दुपारच्या फराळाला, आले. झ्वीबाक पाव, चीज, प्लमचा जॅम, कॉफी. मी सगळं सांगितलं. मला एवढं बोलताना त्यांनी कधी पाहिलं नसेल!

पूर्वी घरचा माणूस गेला की आमची मंडळी विधवेसाठी आणि लेकरांसाठी दोन भली माणसं नेमायची. कॉर्नीलियस म्हणाला, "मग नेमा की, वहिनी! एक मी."

केंटन म्हणाला, "भला? काका, माझा ट्रॅक्टर नेलात तो आधी परत करा."

"गप रे. माझ्याकडे आहे म्हणून त्याला वेळेवर तेल तरी मिळतंय."

अब्रामनंतर या टेबलावर पहिल्यांदाच हसू! दोघं विश्वस्त व्हायला तयार. मग माझ्यामागे मार्लीननं कुठे राहायचं यावर जुंपली – दोघांनाही ती आपल्याकडे हवी!

"माझ्याकडे अख्खं तळघर रिकामं आहे."

"माझ्या बहिणीला तळघरात ठेवणार?"

मी कॉफी आणायला उठले. नाहीतर तिथेच रडले असते. मार्लीन आपली सगळ्यांच्या झ्वीबाकना जॅम लावत होती.

१४ मार्च

बाईंनी मसुदा वाचून दाखवला. माझ्यामागे मार्लीन केंटनकडे. आता फक्त सह्या! उठताना बाईंनी विचारलं, "मार्लीनला विचारलंत ना?"

राहिलंच की! उद्या विचारते. हो म्हणेल. केंटनचा कुत्रा तिचा जीव की प्राण.

१५ मार्च

विचारलं. म्हणाली, "तू मेल्यावर कशाला, आई? मला आत्ताच जायचंय. बेकरीतल्या माझ्या मैत्रिणीबरोबर, वेंडीबरोबर, बेकरीच्या वरच्या खोल्यांत. बाबांना सांगितलं होतं मी. ते म्हणाले, थांब, आईला मी सांगतो."