स आणि श

ता. ९ नोव्हेंबर, रविवार

चि. बाळीस,

बाबांचे आशीर्वाद. तुझा निरोप मिळाला. आम्ही दोघं बरी आहोत. तुझ्या आत्याचे गुडघे दुखतात, पण तोंड दुखत नाही, तेव्हा घर भरलेलं असतं. ऐकू मात्र तिला आता जवळजवळ येतच नाही, त्यामुळे आमची भांडणं एकतर्फी होतात.

मी फोन उचलत नाही म्हणून तू रागावलीस. अगं, फोनचं जरा बिघडलंय. तिकडचं इकडे ऐकू येतं, इकडचं तिकडे नीट जात नाही. दुरुस्तीला टाकायचाय, पण सवड होत नाही. मुलांची शॉर्टहँडची परीक्षा जवळ आली, रोज संध्याकाळी डिक्टेशन असतं. म्हणून पत्र.

क्लासच्या जिन्याबद्दल तू पुन्हा विचारलंस. जिना जिथल्या तिथे आहे. आम्हीही.

खारूला सांग, झोपतानाच्या गोष्टीतला कोल्हा सध्या गावाला गेलाय. परतला की कळवतो. जावईबापूंना आठवण सांग.

एवढंसं पत्र लिहिताना कितीदा उठलो कोण जाणे. घरात बसवत नाही आणि बाहेर जाववत नाही. हवा बदलत असेल.

तुझा, कामात असलेला,
बाबा


ता. २३ नोव्हेंबर, रविवार

चि. बाळी,

आशीर्वाद आधीच घेऊन टाक, कारण पुढचं वाचल्यावर तू ते घेण्याच्या मनःस्थितीत राहशील असं वाटत नाही.

तुझं पत्र परवा आलं. ‘क्लास बंद करून आमच्याकडे या म्हटलं, तर तुम्ही माझ्याशी बोलणंच टाकलंत. मुलीपेक्षा तुम्हाला तो जिना जवळचा झाला.’ हे वाचलं आणि मी घरभर फेऱ्या मारत सुटलो. आत्या म्हणाली, “चप्पल हरवली का?”

बोलणं टाकलं नाही गं. बोलता येत नव्हतं.

ऑगस्टमध्ये मी त्या जिन्यावरून पडलो. तू म्हणाली होतीस तसाच, वळणावरच्या पायरीवर. हातात पुस्तकं होती, त्यामुळे हात टेकता आला नाही आणि तोंड कठड्यावर आपटलं. वरचे समोरचे चार दात गेले. बाकी खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, तुझी शपथ. तुला कळवलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तू दारात आणि क्लासला कुलूप. म्हणून गप्प बसलो.

हिरड्या भरून येईपर्यंत दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तात्पुरती कवळी दिली. चार दात आणि ते धरून ठेवायला टाळूवर बसणारी गुलाबी प्लास्टिकची पट्टी. आरशात पाहिलं तर मी झकास दिसत होतो! तोंड उघडलं आणि सगळं ओमफस झालं. जिभेला वाटायचं, कुणीतरी घरात शिरून आपली खाट अडवून बसलंय. जेवताना काढायचो, बोलायला घालायचो, वैतागून पुन्हा काढायचो. आत्याला काहीच फरक कळला नाही. तिला मी आधीही ऐकू येत नव्हतो.

क्लासमध्ये मात्र कळलं. शॉर्टहँडमध्ये अक्षरं नसतात, आवाज असतात. सची खूण वेगळी, शची वेगळी. मी मुलांना पहिल्या दिवसापासून सांगत आलोय, ‘ऐकू येईल ते लिहा, डोकं चालवू नका.’ कवळी घालून पहिल्यांदा क्लासला गेलो, त्या संध्याकाळी एका संस्थेच्या सभेचा मजकूर सांगितला. मग हेडक्लार्कबाईंना वाचायला लावलं. या बाई कचेरीतून थेट क्लासला येतात, वयाने तुझ्याहून मोठ्या आणि एकदम सरळ. त्या उभ्या राहून ठणठणीत आवाजात वाचू लागल्या, “शालअखेरीश शर्व शभाशदांची शभा...”

मला वाटलं, चेष्टा चाललीय. मी त्यांच्यावर उखडलो. त्यांनी वही पुढे केली. “सर, तुम्ही म्हणालात तेच लिहिलंय. आम्हाला वाटलं, परीक्षेसाठी मुद्दाम वेगळे उच्चार करताय.”

बाकीच्यांच्या वह्या पाहिल्या. सगळ्यांच्या वहीत श. एकाने तर विचारलं, “सर, सभासदांना शाली वाटायच्या आहेत ना?” हसू कुणालाच आलं नाही, तेच जास्त लागलं. मी क्लास लवकर सोडला आणि घरी न जाता उगाच बाजारातून भटकत राहिलो. दुकानांच्या पाट्या वाचत होतो, पुटपुटत. एका दुकानदाराने विचारलं, “काय हवंय?” मी नुसतं बोट दाखवलं आणि नको असलेला साबण घेऊन आलो.

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, “स म्हणताना जीभ वरच्या दातांच्या मागे जाते आणि मधल्या बारीक फटीतून हवा सोडते. तिथेच तुमची पट्टी आहे. प्लास्टिक पातळ केलं तर मोडतं, म्हणून जाड ठेवावं लागतं.” त्यांनी ते मागच्या बाजूने थोडं घासून दिलं आणि रोज मोठ्याने वाचायला सांगितलं. हिरड्या भरल्यावर धातूची कवळी केली. तिची पट्टी पत्त्यातल्या पानासारखी पातळ. पहिले काही दिवस चमचा तोंडात विसरल्यासारखं वाटतं, पण जिभेला जागा मिळते. चहाचा चटकाही टाळूला पुन्हा लागायला लागला. त्याचा एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

क्लासला मी सगळं सांगून टाकलं. आता मिनिटाला ऐंशी शब्दांपर्यंतचा मजकूर मी सांगतो. त्याहून वेग वाढला की माझा स अजून घसरतो, म्हणून शंभराचं डिक्टेशन हेडक्लार्कबाई देतात. छान देतात. मी मागच्या बाकावर बसून ऐकतो आणि बसवत नाही म्हणून खिडक्या उघडतो, लावतो.

एवढं सुधारलं तर मग फोन का करत नाही, असं तू विचारशीलच. इथवर आलो आणि पुन्हा उठून पाणी पिऊन आलो. सांगतो.

प्लास्टिकची कवळी होती तेव्हा एकदा मी फोन केला होता. खारूने उचलला. मी म्हटलं, “सोनुली, गोष्ट सांगू का?” तिने तुला हाक मारलेली ऐकू आली. “आई, फोटो आजोबांचा आहे, पण हे आजोबा नाहीत. कुणीतरी त्यांच्यासारखं बोलतंय.” तिचा आवाज घाबरलेला होता, बाळी. माझ्या आवाजाला घाबरली ती. मी फोन ठेवून दिला. तू लगेच उलटा फोन केलास, तो वाजत राहिला आणि मी त्याच्याकडे बघत बसलो. फोन बिघडलेला नव्हता.

पडलो ते तुझ्यापासून लपवलं, ते क्लाससाठी. पण फोन बंद केला तो यासाठी. यात तुझ्यावर राग कुठेच नाही.

येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने मी येतोय. क्लासचं काय करायचं ते परीक्षा झाल्यावर बोलू. तू म्हणशील ते सगळं ऐकून घेईन. मान्य करीन असं लिहून देत नाही. एकट्याने कसे आलात म्हणून ओरडू नकोस, हेडक्लार्कबाई गाडीत बसवून देणार आहेत.

खारूला आधी समजावून ठेव, असं लिहिणार होतो. पण नको, काही सांगू नकोस. तिचं तिला ऐकू दे. हसली तर हसू दे. फक्त माझं बोलणं ऐकून ती तुझ्या मागे लपली, तर तिला पुढे ढकलू नकोस. मी दारातच थांबेन. मला घाई नाही.

तुझा, थोडा घाबरलेला,
बाबा