पाव किलो

आये, तुला वाचता येत नव्हतं आणि मला चौथीपुढं शाळा नाही, म्हणून लिहायचं राहिलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. पोरीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी पडलीत, पेन घरात आहे. धीर नव्हता. आता गुडघे गेलेत, कबड्डीत मोडलेला अंगठा थंडीत ठणकतो आणि तो ठणकला की तू आठवतेस. म्हणून बसलेय एकदाची. मला लांबण लावता येत नाही, ठाऊक आहे तुला.

दुष्काळात गाव सुटलं आणि आपण पिंपरीत आलो, तेव्हा मी पंधराची. अण्णा कंपनीत हेल्पर, आणि तू खोलीत बसून एकट्या राहणाऱ्या कामगारांच्या डब्यांसाठी भाकऱ्या थापायचीस. दुष्काळी कामावर खडी फोडत, रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीवर दिवस काढलेली तू. पोरीच्या गालाची हाडं दिसली की कुणी शिवी दिल्यासारखं वाटायचं तुला. कॉलनीमागच्या मोकळ्या जागेत कंपनीतले एक फिटर पहिली शिफ्ट सुटली की मुलींना कबड्डी शिकवायचे. आम्ही त्यांना सर म्हणायचो. माझी जागा डाव्या कोपऱ्याची. चढाईवाली आत आली की तिचा घोटा धरायचा आणि मेलं तरी सोडायचा नाही, एवढंच मला जमायचं. पण असं जमायचं की समोरच्या पोरी माझ्या बाजूला यायला भ्यायच्या. शेजारीण म्हणाली, "वयात आलेली पोर मांड्या ठोकती, शोभतं का?" तू पिठाचे हात तसेच ठेवून म्हणालीस, "तुझ्या दारात येऊन ठोकती का?" आणि दुसऱ्या दिवशी जुनी चाळण घेऊन मैदानात हजर. माझ्या कोपऱ्यातली माती चाळून खडे वेचतेयस. सर हसले, "मावशी, बाकीच्या सहा जणींचं काय?" "त्यांच्या आया न्हाईत व्हय?" म्हणालीस. पण पुढच्या रविवारी सगळं मैदान चाळून काढलंस.

मग ते आलं. देशाचा मुलींचा संघ पहिल्यांदाच बाहेरदेशी खेळायला जाणार होता, निवड पुण्यात, आणि डाव्या कोपऱ्याला त्यांना चांगली पोर मिळत नव्हती. पण वजन पंचेचाळीस किलोच्या वर चालणार नव्हतं. सरांनी मला रेशन दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. सत्तेचाळीस. तसेच घरी आले. "मावशी, पंधरा दिवस हिला भात, गूळ, तेल बंद."

"का? दुखणं हाय का काय पोरीला?"

"दुखणं नाही. देशाकडून खेळायचंय."

"मग तर खायाच पायजे की!"

तुला ते पटलं नाही, तरी तू ऐकलंस. पंधरा दिवस अर्धी भाकरी आणि ताक. माझ्यासमोर बसून तूही अर्धीच खायचीस, दिवसभर दुसऱ्यांसाठी शंभर थापून. निवडीच्या आदल्या संध्याकाळी रेशनचा काटा पंचेचाळीसला टेकला आणि सरांनी दुकानातच टाळी वाजवली.

सकाळी तू दिलेला डबा घेऊन एकटी बसनं पुण्याला गेले. सर तिथं आधीच उभे. काटा अर्धा किलो वर गेला. सरांचं तोंड उतरलेलं मला अजून दिसतं. पंचांनी एक तास दिला. सरांनी अंगातला स्वेटर काढून मला घातला आणि मी मैदानाला फेऱ्या मारत सुटले, घाम डोळ्यांत, पोटात कळ. परत काटा. पाव किलो राहिलाच. पंच म्हणाले, नियम म्हणजे नियम. डाव्या कोपऱ्याला दुसरीचं नाव वाचलं.

संध्याकाळी सर मला घरी घेऊन आले. दारात अण्णा, शेजारीण, सगळे. "जास्त भरली म्हणून काढली?" तू विचारत होतीस. "जेवली म्हणून काढत्यात?" मी लाडवांचा रिकामा डबा चुलीपुढं आपटला. "हिनंच चारले मला लाडू! हिनं माझं वाटोळं केलं!" तू डब्याकडं बघितलंस, मग माझ्याकडं. मग पदर सारखा करून म्हणालीस, "चुकलंच माझं." सर पायऱ्या उतरले. परत त्यांनी तुला मावशी म्हणून हाक मारली नाही.

संघ गेला. तीन सामने जिंकला आणि शेवटचा एका गुणानं हरला. चढाईवाली डाव्या कोपऱ्यातून सुटली, असं सर म्हणाले. ते मी घरी येऊन तुला ऐकवलं, मुद्दाम, तू परातीत पीठ मळत असताना. पुढच्या खेपेला तोच संघ जिंकून आला, तेही ऐकवलं. तोवर मी मुलींच्या संघाच्या वयातून बाहेर पडले होते. तू पुन्हा कधी लाडू वळले नाहीस. माझ्या लग्नातसुद्धा विकतचे आणलेस आणि बायका नावं ठेवत होत्या तरी गप्प राहिलीस.

मग तुझं ते पोटाचं दुखणं. दवाखान्यात नर्सनं तुला काट्यावर उभं केलं. मी दंड धरलेला, हातात नुसतं हाड. चौतीस. तू खाली वाकून बघितलंस, वाचता येत नव्हतं तरी, आणि मला म्हणालीस, "आता घेतील का गं मला तुझ्या संघात?" नर्स हसली. मीही हसले. तेव्हा सांगायचं होतं. पण मी नुसतंच म्हणाले, "चल, पड आता." तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

त्या सकाळी डबा माझ्या हातात देताना तू काय म्हणाली होतीस, ते आपल्या दोघींनाच ठाऊक. "वजन झाल्याबिगर झाकण उघडायचं न्हाई. मग खेळताना ताकद लागंल." शेंगदाण्याचे चार लाडू. बसमध्येच, दापोडीचा पूल यायच्या आत मी चारही खाल्ले आणि उतरल्यावर नळाला तोंड लावून पोटभर पाणी प्याले. एवढं एक वाक्य तू सगळ्यांसमोर बोलली असतीस तर सुटली असतीस. मी वाट बघत होते तू बोलायची. नाही बोललीस.

वही पोरीच्या कपाटात परत ठेवतेय, कुठं धाडणार हे? आणि एक राहिलं. पंधरा दिवस भुकेली होते गं. लई गोड लागले.