सातव्या माथ्याचा दगड

७ नोव्हेंबर १९५४, रविवार
प्रबळगड. ओसरीवरून दिसणाऱ्या सात माथ्यांपैकी शेवटचा. सोबत मोझेस मास्तर (यापुढे मा.). शेडुंगला एस.टी.तून उतरून पायी. वाट दाखवायला ठाकूरवाडीचा नागो. पठारावर धुके, दहा हातांपलीकडे काही नाही. झाडीतून पुष्कळ चाललो. एक टेकाड लागले, त्यावर वीज पडून वठलेले झाड. मी म्हटले, हाच माथा. नागो म्हणाला, “अजून वर हाय.”
त्याची उलटतपासणी घेतली. किती वर? कोणत्या दिशेस? शेवटचा कधी गेला होतास? आज दिसत नसता कशावरून म्हणतोस? तो गप्प झाला. मग मा. यांच्यापुढे मांडणी केली: जेथून चहूबाजूंस उतार तो माथा, येथून चहूबाजूंस उतार आहे, तस्मात्. मा. हसले. “वकीलसाहेब, तुमच्यापुढे डोंगरसुद्धा हरायचा.” वाकून एक दगड उचलला, खिशात टाकला.
उतरताना त्यांनी आपली काठी मला दिली. मी मागितली नव्हती.

८ नोव्हेंबर
सात झाले, याची नोंद समाधानाने करतो. मा. यांचा नेम पुरा झाला. त्यांच्या पत्नीला, रेबेकावहिनींना, दम्यामुळे पायरीही चढवत नसे. ओसरीवर बसून डोंगर मोजायच्या. रविवारी आम्ही परतलो की विचारायच्या, वर काय होते? त्या गेल्यावर मा. यांनी ठरवले, प्रत्येक माथ्यावरचा एक दगड त्यांच्या कबरीवर ठेवायचा. कोणाची रीत म्हणून नव्हे, वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून. आता मुलाचे इस्राएलहून बोलावणे आले आहे. सोमवारी, २९ला, पनवेल सोडतील. बहुधा कायमचे.

१४ नोव्हेंबर, रविवार
पळस्प्यास एका जुन्या अशिलाकडे. आकाश स्वच्छ. सहज दुर्बीण लावली. वठलेले झाड सापडले. त्याच्या मागे, उत्तरेस, झाडीने भरलेला उंचवटा. त्या टेकाडाहून निःसंशय उंच.
दुर्बीण तीनदा पुसली.

१५ नोव्हेंबर
मांडणीतला दोष शोधला. शोधायला वेळ लागला नाही. “चहूबाजूंस उतार” हे मी पाहिले नव्हते. दहा हात उतार पाहिला आणि पुढचा गृहीत धरला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही मी हे खपवू दिले नसते. ज्याने प्रत्यक्ष पाहिले होते तो एकच साक्षीदार हजर होता. त्याला मी गप्प केले.
आणि ज्याची नोंद ७ तारखेस केली नाही ते: उजवा गुडघा पठारावर येईपर्यंतच गेला होता. मला थांबायचे होते. निर्णय आधी झाला, कारणे मागाहून जमवली. चाळीस वर्षे प्रतिपक्षाच्या वकिलांवर मी हाच आरोप करीत आलो.

१७ नोव्हेंबर
मा. चहाला आले. बोटीतून किती सामान नेता येते, तिकडे थंडी किती, यावर बोलले. कबरीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. दोनदा वाक्य जुळवले, दोनदा बशीत चहा ओतला. ते गेल्यावर सौ. म्हणाली, “अहो, खटला हरून आलात तेव्हासुद्धा इतके गप्प नसायचात.” सांगितले, गुडघा दुखतो. खरेच दुखतो. म्हणून ते उत्तर अधिक लाजिरवाणे.

२१ नोव्हेंबर, रविवार
एकटा प्रबळवर. सौ.ला पळस्पे सांगितले. नागो पुढे चालू लागला. वठलेल्या झाडाशी मी बसलो. तो उभाच. तेथून पाव तास, फार तर वीस मिनिटे. माथ्यावर कारवी, चार मोठे धोंडे, पश्चिमेस खाडी चकाकत होती. वहिनींना सांगण्यासारखे पुष्कळ होते.
नागोला म्हटले, त्या दिवशी तुझे बरोबर होते. तो म्हणाला, “तुमी इचारलं किती वर, कदी गेला. आमी मोजत नाय, सायेब. पायांना ठावं असतं.” पुढे म्हणाला: “मंग मलाच वाटलं, शिकलेला मानूस बोलतो, तर नसंल वर काय.”
एवढ्या वर्षांत मी किती जणांना असे “नसंल” म्हणायला लावले, याचा हिशेब…
दगड घेतला. मुठीएवढा, काळा.

२४ नोव्हेंबर
बेत असा: मा. यांच्या नकळत कबरीवरचा सातवा दगड उचलायचा, हा ठेवायचा. त्यांना कळणार नाही. वहिनींचे उत्तर खरे होईल. मला काही बोलावे लागणार नाही. तिसरे कारण पहिले होते, हे लिहून ठेवतो.
दुपारी गेलो. कबर झाडून स्वच्छ. उशाशी दगड ओळीने मांडलेले. मोजले. पुन्हा मोजले. सहा.
सातवा त्यांनी ठेवलाच नव्हता.
म्हणजे त्यांनी वाद सोडला, मत सोडले नाही. का सोडला, ते काठीवरून त्याच दिवशी कळायला हवे होते. सतरा दिवस मी त्यांच्यापासून लपवीत होतो ते त्यांना डोंगरावरच ठाऊक होते. आणि मला ओशाळे वाटू नये म्हणून ते वहिनींपाशी एक दगड कमी ठेवून निघाले आहेत. माझा दगड मी ठेवला नाही. ते उत्तर देण्याचा अधिकार माझा नव्हे. कोटाच्या खिशात घालून परत आणला.

२८ नोव्हेंबर, रविवार
मा. निरोपास आले. सौ.ने पोहे केले. निघताना उंबऱ्याशी थांबून म्हणाले, “आज रविवार, आणि दोघेही घरी.” मी म्हटले, हो.
उद्या त्यांची एस.टी. सकाळी दहाला. स्टँडावरून कबरस्तान पायी दहा मिनिटे. मी आठला त्यांच्या दारी गेलो तर वेळ पुरतो. काय बोलायचे ते संध्याकाळपासून चारदा लिहिले. चारही वेळा पहिल्या ओळीत कारण आले, चारही कागद फाडले.
त्या टेकाडावर नागोला तीन शब्द पुरले होते.